‘काळा जबडा’ला नवा गळा मिळाला त्याची हकीकत

प्रिय बुटके,

सप्रेम नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना, गुडघ्यांच्या डॉक्टरांना आणि जिच्याबद्दल तक्रार केल्याशिवाय तुझं एकही पत्र पुरं होत नाही त्या तुझ्या सूनबाईला माझे नमस्कार आणि आशीर्वाद. कोणाला काय लागू पडतं ते तूच वाटून दे. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. ‘सर्व’ म्हणजे मी आणि हे. त्यातले हे गेले सतरा दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. (आता तू म्हणशील, ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाजच काढून टाकला ते बोलणार कसे? अगं, बोलायचे. पाटीवर. दिवसाला दीड पेन्सिल झिजायची. दूध उतू जातंय, दाराशी कोण आहे, तुझा चष्मा तुझ्याच डोक्यावर आहे, सगळं पाटीवर यायचं. ती पाटी त्यांनी सतरा दिवसांपूर्वी कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवली आणि वर आणखी दोन स्वेटर ठेवले.)

तू मागच्या पत्रात विचारलंस, बँडचं पुढे काय झालं, यांच्या जागी कोणी मिळालं का. मिळालं. कसं मिळालं ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही, कारण आमचा फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि यांचा गळा गेला असला तरी कान शाबूत आहेत. म्हणून पत्र. चहा घेऊन बस.

यांचा बँड ‘काळा जबडा’, तो हेवी मेटलचा गोंगाट, तू एकदाच ऐकलास, माझ्या लग्नात, पण एकदा ऐकलं की पुरतं. नाव दाताच्या डॉक्टरांनी सुचवलेलं, ते ड्रम वाजवतात. यात त्यांच्या दवाखान्याची जाहिरात आहे हे बाकीच्यांच्या अकरा वर्षांनी लक्षात आलं, तोवर नाव बॅनरवर, शर्टांवर आणि बेकरीवाल्यांच्या दंडावर गोंदून झालं होतं. बेकरीवाले बेस वाजवतात. ती जाड तारांची गिटार, जिचा आवाज कानाला येत नाही, पोटात कळतो. आणि साधी गिटार (साधी म्हणजे ऐकल्यावर दाढ दुखते ती) वाजवतात वजनमापे खात्यातले निरीक्षक, आता निवृत्त. आयुष्यभर दुकानदारांची मापं तपासून त्यांना अशी सवय झालीय की माझ्याकडचा चहासुद्धा ते कप डोळ्यांसमोर धरून बघतात. आणि गाणारे आमचे हे. आठवडाभर जमीन मोजणीच्या कचेरीत खालच्या आवाजात लोकांना नकाशे समजावून सांगायचे आणि रविवारी सकाळी दहा वाजता गुहेतून अस्वल बाहेर यावं तसे गायचे. चौतीस वर्षं. तेही माझ्या बैठकीच्या खोलीत. खिडक्यांवर गाद्या ठोकलेल्या, भिंतींवर बेकरीतून आणलेले अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. तुझ्या घरी पडदे आहेत, बुटके. मी कधी तुला सांगितलं नाही, पण तुझ्याकडे आले की मी पहिल्यांदा पडद्यांना हात लावून बघते.

माझ्या गाण्याचं तू विचारू नकोस. शाळेच्या कॉयरमध्ये तू पुढच्या रांगेत, मी मागच्या रांगेत टोकाला. सिस्टर प्रत्येकीच्या पोटावर तळहात ठेवून बघायच्या, श्वास खालून येतोय की नाही. माझ्या पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘चाइल्ड, श्वास छान आहे.’ मी आठवडाभर तो श्वास मिरवत हिंडले. आणि बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या की तुझा आवाज फार जाड आहे, सगळ्यांना झाकून टाकतो, उद्या तू नुसते ओठ हलव. मी हलवले. आईबाबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. घरी गेल्यावर बाबा म्हणाले, ‘तुझा आवाज सगळ्यांत वेगळा ऐकू येत होता हं.’ हे मी तुला आज पहिल्यांदा सांगतेय. पण आपण मुद्द्यापासून भरकटलो.

तर ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी तिघेही आले, रांगेने बसले, आणि कोणी काही बोलेना. ही माणसं स्टेजवर नरकाची दारं उघडतात, पण कोणाला तोंडावर ‘नाही’ म्हणायची त्यांची छाती नाही. दाताचे डॉक्टर तर आयुष्यभर ‘अजिबात दुखणार नाही’ एवढंच म्हणत आले. शेवटी यांनीच पाटीवर लिहिलं, ‘नवा शोधा.’ आणि खाली, मोठ्या अक्षरात, ‘लवकर.’ तिघांनी असा सुस्कारा सोडला की अंड्यांचे ट्रे हलले. (दाताच्या डॉक्टरांनी आधी एक वेगळीच सूचना केली होती. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलातून एक यंत्र मिळतं, ते गळ्याला लावलं की घरघरत्या आवाजात बोलता येतं. ते म्हणाले, ‘अरे, हा आवाज तर आपल्याला चालूनच जाईल!’ यांनी ते यंत्र एकदा गळ्याला लावलं, माझ्या नावाने एक हाक मारली आणि बंद करून परत खोक्यात ठेवलं. आमच्या फ्रीजने हाक मारल्यासारखं वाटलं. मी ‘ओ’ दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.)

आता त्यांची निवडायची पद्धत ऐक, कारण सगळं रामायण त्यातून झालं. दाराच्या मागे एक पुठ्ठा ठोकलेला आहे, बँडच्या पहिल्या वर्षापासूनचा, यांच्याच अक्षरात: ‘ज्याला पटत नाही त्याने वाजवणं थांबवावं. बोलू नये.’ गाणं असो, नवीन माणूस असो, काहीही असो, वाजवायला सुरुवात करायची आणि ज्याला नको असेल त्याने आपलं वाद्य खाली ठेवायचं. गाणं संपेपर्यंत सगळे वाजवत राहिले तर पसंत. एकानेही थांबवलं तर नापसंत, आणि का, ते विचारायचं नाही. मला ही पद्धत नेहमीच आवडायची. आपल्या लग्नांना ती लागू असती तर किती जणींचे संसार पहिल्या कडव्यातच आटोपले असते.

पण यांच्याकडे वाद्यच नाही. गळाच वाद्य होतं, तो गेला. मग यांनी मत द्यायचं कसं? यावर निरीक्षक साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, ‘वहिनी, चारी बाजूंनी मोजलं तरच माप खरं. याला मेन स्विच देऊ.’ चपलांच्या मांडणीवर भिंतीत तो स्विच आहे. त्याखाली स्टूल ठेवलं. पटलं नाही तर यांनी वीज तोडायची. दोन्ही गिटारी बंद, माइक बंद, दिवे बंद. सगळ्यांना हे फार न्याय्य वाटलं. मी चहाचा ट्रे घेऊन शेजारच्या स्टुलावर. मला मत नव्हतं. मला ट्रे होता.

मला बँड वाचवायचा होता असं समजू नकोस. मला रविवार वाचवायचा होता. हे तीन नमुने सोडले तर आता यांच्याकडे कोणी येत नाही. कचेरीतले दोनदा आले, पाटी बघितली, मोठमोठ्याने बोलले (यांना ऐकू येतं हे लोकांच्या लक्षातच राहत नाही) आणि पुन्हा आले नाहीत. डॉक्टरांचं मनगट दुखतं, बेकरीवाल्यांना भट्टीला बसायला माणूस नाही, एवढ्यातेवढ्या निमित्ताने हे तिघे यायचे थांबले असते. महिनाअखेरपर्यंत गायक मिळाला नाही तर थांबायचं, असं त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात कुजबुजून ठरवलंही होतं. मग उरलो असतो आम्ही दोघं, एक पाटी, आणि सातही दिवस सोमवार.

पहिल्या रविवारी एक बँकेतला मुलगा आला, आईला घेऊन. आईने त्याला गरम पाण्याचा थर्मास दिला. दुसऱ्या ओळीलाच तिन्ही वाद्यं खाली गेली. दुसरा व्यायामशाळेतला शिक्षक, याचा दंड आणि आपली कंबर सारखी. त्याने कडवंभर एकच शब्द वापरला, वाद्यं पुन्हा खाली गेली. ते ठीक. तिसऱ्या रविवारी आला तो मात्र यांचा भक्त. केस तसेच, उभं राहणं तसंच, आणि बुटके, त्याने तोंड उघडलं आणि माझ्या हातातली बशी वाजायला लागली. यांचाच आवाज. श्वास कुठे घ्यायचा, ओळ संपताना कुठे थोडं ओरबाडल्यासारखं करायचं, मधे एक लहानसा खोकला असायचा तोसुद्धा. बेकरीवाले वाजवता वाजवता रडत होते. निरीक्षकांनी डोळे मिटले होते. कोणी थांबत नव्हतं. आणि खटकन अंधार झाला.

खिडक्यांवर गाद्या, त्यामुळे सकाळी साडेदहाला आमच्या खोलीत मिट्ट काळोख. त्यात दाताचे डॉक्टर एकटेच ड्रम बडवत राहिलेले, कारण ड्रमला वीज लागत नाही आणि ते वाजवताना चष्मा काढतात, त्यामुळे दिवे गेल्याचं त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

त्यानंतर जो येईल त्याच्या वेळी तेच. पहिलं कडवं, खटकन, अंधार, डॉक्टर. आता पुठ्ठ्यावरचा नियम असा की का, ते विचारायचं नाही. आणि ज्याचा गळा गेलाय त्याला विचारायचं तरी कोणत्या तोंडाने? मग या तीन सभ्य गृहस्थांनी काय करावं? स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, ‘वहिनी, तुमचं वायरिंग गेलंय.’

मी म्हटलं, ‘वायरिंग?’

‘जुनं आहे,’ बेकरीवाले म्हणाले. ‘पाणी मुरलंय.’

‘अजिबात दुखणार नाही,’ डॉक्टर म्हणाले. सवय.

आणि खरंच इलेक्ट्रिशियन आणला! आता तुला वाटेल, हा इलेक्ट्रिशियन शिडीवर चढून गुणगुणायला लागेल आणि सगळे त्याला मिठ्या मारतील. सिनेमात तसं होतं. आमच्या इलेक्ट्रिशियनने सगळा खोका उघडून बघितला, स्टुलावर बसलेल्या यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘वायरिंग ठणठणीत आहे हो. कोणीतरी बंद करतंय.’ तिघेही ताबडतोब अंड्यांचे ट्रे मोजायला लागले. हे पाटीवर काहीतरी लिहीत होते, मला वाटलं आता कबूल करतील. लिहिलं होतं, ‘चहा विचार त्यांना.’ शेवटी निरीक्षक म्हणाले, ‘तरी एकदा बदलून टाका.’ मग जुना चिमुकला स्विच काढून त्याने कारखान्यात असतो तसला खटका बसवला. लांब दांड्याचा, लाल मुठीचा, हात ठेवायला ऐसपैस. कशासाठी? लबाडी झाकण्यासाठी. चौतीस वर्षांत माझ्या घरात पडदा आला नाही, पण हा आला.

महिन्याचा शेवटचा रविवार. बेकरीवाल्यांनी वाद्याचं खोकंसुद्धा सोबत आणलं होतं, जाताना बेस घरीच न्यायचा होता. मी ते दारातच बघितलं. यांनीही बघितलं. आणि शेवटचा उमेदवार म्हणून आली एक मुलगी. तिशीची असेल. घाऊक भाजीबाजारात पहाटे लिलाव पुकारते. बारीक अंगाची, पायात बाजाराचा चिखल लागलेले बूट, ते बाहेर काढून आत आली, सर्दी झालेली. म्हणाली, ‘काकू, पाणी द्या ना, साधंच.’ घटाघटा प्यायली. मग खोलीत सगळीकडे बघून विचारलं, ‘आधी कोण गायचं?’ हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. मीच बोटाने दाखवलं. ती थेट यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ‘काका, तुमची जागा कुठली होती? म्हणजे मी तिथे नको उभी राहायला.’

यांनी नुसती मान डावीकडे केली. तिथे फरशी थोडी झिजलेली आहे. ती त्या फरशीपासून दोन हात लांब, खिडकीच्या गादीला पाठ लावून उभी राहिली आणि गायला लागली.

कशी गायली? वांग्यांची शंभर पोती आत्ताच्या आत्ता उचला नाहीतर जग बुडेल, असं. यांच्यासारखं एक अक्षर नाही. दुसऱ्या कडव्यात सर्दीने आवाज फाटला तर थांबली नाही, तसाच फाटका पुढे ओढत नेला. निरीक्षक भुवया वर करून वाजवत होते. बेकरीवाले वाकून वाजवत होते. कोणी थांबेना. मी यांच्याकडे बघितलं. यांचा हात वर गेला. लाल मुठीवर बसला.

आणि बुटके, मी ट्रे खाली ठेवला आणि माझा हात त्या हातावर ठेवला. दाबून. कोणी बघितलं नाही, सगळे आपापल्यात होते. आम्ही दोघं चपलांच्या मांडणीपाशी, दोन स्टुलांवर, एकावर एक हात ठेवून बसलो होतो, लग्नाच्या फोटोत बसलो होतो तसे. कडवं गेलं, मधलं वाजवणं गेलं, आणखी एक कडवं गेलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मनात म्हणत होते, चौतीस वर्षं मी ओठ हलवले, आज नाही. दिवे गेले नाहीत. गाणं संपलं. डॉक्टरांनी चष्मा लावला आणि उजेड बघून दचकले.

मग आनंदीआनंद. मुलीला सर्दीचं औषध, बेकरीवाल्यांनी स्वतःच्या बेकरीतला केक कापला (पसंती झाली तर म्हणून तो गाडीत ठेवलेला होता आणि झाली नाही तर म्हणून खोकं, असा त्यांचा स्वभाव). तिघांनी यांची पाठ थोपटली. म्हणाले, ‘मोठं मन आहे तुझं!’ यांनी सगळ्यांशी हात मिळवले, त्या मुलीशीही. माझ्याशी नाही. संध्याकाळी पाटी स्वेटरांखाली गेली.

तेव्हापासून हे. जेवतात, पेपर वाचतात, झाडांना पाणी घालतात. रविवारी तालमीला स्टुलावर बसतात, हात मांडीवर. मी काही विचारलं तर मानेने हो-नाही. दूध दोनदा उतू गेलं. चष्मा मी परवा तासभर शोधला, डोक्यावर होता. त्यांना दिसत होता.

तिघांना वाटतं, यांना भरून आलंय. मी सांगत नाही. काय सांगू? की तुमच्या नियमात जे एकच मत मोजायचं राहिलं होतं ते मी दिलं, आणि तेही दुसऱ्याचं अडवून? सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, ‘चाइल्ड, सॉरी म्हण.’ मी म्हणणार नाही. मला अजून सॉरी वाटत नाहीये. मला फक्त घरात फार शांत वाटतंय.

असो. प्रकृतीला जप. लोणी कमी खा, गुडघे वजन मोजतात.

तुझी मागच्या रांगेतली,
उंटीण

ता.क. मुलगी खरं तर काही फार चांगली गात नाही. आता सर्दी बरी झालीय, तर आणखीच कळतं. तिघेही वाजवत राहिले ते महिनाअखेर होती म्हणून, असं मला वाटायला लागलंय. हे कोणाला सांगू नकोस.

ता.क. २ एक काम होतं, त्यासाठीच पत्र लिहायला बसले आणि बारा पानं दुसरंच लिहिलं. तू यांना पत्र लिही. मला नाही, त्यांच्या नावावर, पाकिटावर स्वच्छ अक्षरात. लग्नाच्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर तू कानातले कापसाचे बोळे काढून त्यांना विचारलंस, ‘भावोजी, नक्की कुठे दुखतंय?’ तेव्हापासून ते फक्त तुलाच मानतात. माझं हे पत्र आलंय म्हणून सांगू नकोस. तब्येत विचारू नकोस, सगळे विचारतात. असं काहीतरी विचार, ज्याला लेखी उत्तर द्यावंच लागेल. तुमच्या जमिनीच्या कुंपणाचा वाद आहे ना, त्याचा नकाशा पाठवून दे. वाद मिटला असेल तर पुन्हा काढ. त्यांना एकदा पेन्सिल हातात घेऊ दे, मग पुढचं माझं मी बघेन.

ता.क. ३ वर एक गोष्ट मी नीट लिहिली नाही. हात दाबून धरला असं लिहिलंय, ते खरं आहे. पण खालचा हात जोर करत नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. ज्या हाताने तीस वर्षं मोजणीच्या साखळ्या ओढल्या, त्याला माझा हात कितीसा अडवणार होता? एक झटका पुरला असता. तो नुसता मुठीवर ठेवलेला होता, गाणं संपेपर्यंत, माझ्या हाताखाली, गरम. म्हणजे आयुष्यात एकदा मी त्यांचं काही अडवलं असं मला वाटलं होतं, तेही मला त्यांनीच करू दिलं की काय, कोण जाणे. आणि तसं असेल तर मग ते रागावलेत कशावर? हे मात्र तू त्यांना विचारू नकोस. नकाशाचंच विचार.